संग्रहालय नंतर, आधी नोंदवही: छोट्या गावाच्या इतिहास मंडळाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आला आहे. कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव, इतिहासाची ओढ असलेले सहा-सात जण, आणि त्यांना गावासाठी इतिहास मंडळ काढायचं आहे. एका जुन्या वाड्याच्या मालकांनी माळ्यावर पडलेली, मोडी लिपीतल्या जुन्या कागदांची दोन पोती देऊ केली आहेत. घाटाजवळ तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, उघड्यावर आहेत. नगरपरिषदेने बंद पडलेल्या दवाखान्याची एक खोली द्यायचं तोंडी कबूल केलं आहे. गावातल्या जाणत्या मंडळींचा आग्रह आहे, की आधी संग्रहालय उघडा, लोकांच्या डोळ्यांना काहीतरी दिसू द्या, मग पाठिंबा मिळेल. तर सुरुवात कुठून करायची आणि पैसा किती लागेल?

सातारा-सांगली पट्ट्यातल्या अशाच एका छोट्या मंडळाचं काम मी अनेक वर्षं करतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. संग्रहालयाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि खोलीची किल्ली घ्यायची घाई करू नका. पोती खोलीत आणून टाकली, वीरगळ उचलून दाराशी उभे केले, फीत कापली, की वर्तमानपत्रात फोटो येईल. पण पाच वर्षांनी कोणता दगड कुठून आणला, कोणतं पत्र कोणाच्या घरातलं, वाड्याच्या मालकांनी काय अटीवर दिलं होतं, हे सांगणारा माणूस उरणार नाही. मग तुमच्याकडे जुने दगड आणि जुने कागद असतील, गावाचा इतिहास नसेल.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडतो: वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट कशी होऊ द्यायची नाही? छोट्या गावात वारसा जातो तो बहुतेक वेळा याच वाटेने. चोरी आणि पडझड होतेच, पण त्याआधी माहिती सुटलेली असते.

तुमच्याच नदीवरचं उदाहरण घ्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे घाटावर मंदिर आहे आणि तिथे एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. ती जागेवर आहे म्हणून घाट, मंदिर, फडणिसांचा वाडा आणि वसईची मोहीम हे सगळं एका नजरेत उलगडतं. तीच घंटा एखाद्या शहरातल्या काचेच्या पेटीत, चिठ्ठीशिवाय ठेवली, तर ती पोर्तुगीज बनावटीची एक घंटा एवढीच उरते. तुमच्या तीन वीरगळांचंही तसंच आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. वाड्याच्या मालकांमध्ये भाऊबंदकी आहे का? देणारा एक आणि हक्क सांगणारे सहा असतील तर पोत्यांना हात लावण्याआधी सगळ्यांची संमती लागेल. नगरपरिषदेची खोली पूररेषेच्या आत आहे का? कृष्णाकाठी हा प्रश्न पहिला. गावात एखादं राज्य किंवा केंद्र संरक्षित स्मारक आहे का? असेल तर त्याच्या आसपासचे नियम वेगळे. आणि मोडी वाचणारा कोणी तुमच्यात आहे का? या चार उत्तरांवर क्रम थोडा मागेपुढे होईल. बाकीचं जवळजवळ सगळीकडे सारखंच आहे.

पोत्यांपासून सुरू करू, कारण तिथे धोका सर्वात जवळचा आहे. माळ्यावर पावसाळ्यात गळती लागली, की काम एका रात्रीत संपतं. मोडी कागदांची शाई बहुतेक काजळीची असते. ती उन्हाने सहसा फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. जुना हातकागद चिवट असतो, पेशवाईतलं पत्र आजही हातात धरता येतं. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा गिरणीचा कागद स्वतःच्या आम्लाने पिवळा पडून कुरकुरीत होतो. त्यामुळे माझा अनुभव असा, की लोक ज्याला 'फार जुनं नाही' म्हणून रद्दीत देतात ती १९२०-४० मधली हस्तपत्रकं, जाहिराती, नाटकांची निवेदनं, सहकारी पतपेढीची पहिली खातेवही, ही पेशवेकालीन पत्राआधी नष्ट होणार आहेत. तुमच्या दोन पोत्यांत असले कागद निघाले तर ते बाजूला टाकू नका.

पोती उघडायची कशी? घरातच, मालकांसमोर, सावलीतल्या पडवीत. उन्हात वाळवू नका. तोंडाला मास्क हवाच, कारण त्या धुळीत बुरशी असते. कागद सुटे असतील असं धरून चालू नका. जुन्या दफ्तरांत ते रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधलेले असतात, आणि कोणता कागद कोणत्या रुमालात होता हीसुद्धा माहितीच आहे. त्यावरून कळतं की हे वतनाचं, हे देवस्थानाचं, हे सावकारीचं. तेव्हा विषयवार लावायचा मोह आवरा. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्या, मग त्यातल्या कागदाला. क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या कोऱ्या कोपऱ्यात. पेनाने नाही, शिक्क्याने तर नाहीच. मऊ कुंचल्याने मधून कडेकडे झाडा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीही करू नका, कारण ते परत काढता येत नाही आणि आतला कागद भाजल्यासारखा होतो. गावोगाव मी लॅमिनेशन केलेल्या सनदा पाहिल्या आहेत. प्रेमापोटी केलेलं असतं, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

कागद गुंडाळायला धुतलेलं मांजरपाट आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या पुरतात. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी पेटीत ठेवतात, ती कागदाला टेकणार नाही अशी ठेवा. कडुनिंबाचा पाला थेट पानांत घालायची जुनी सवय आहे, त्याचे डाग पडतात. वाळवीवर खरा उपाय म्हणजे पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून लांब, लोखंडी मांडणीवर ठेवणं, आणि दर महिन्याला कोणीतरी उघडून पाहणं.

मग फोटो. महागडा स्कॅनर नसला तरी अडत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल स्टँडला लावून, शेजारी पट्टी ठेवून काढा. दोन्ही बाजूंचे काढा. मोडी कागदाची पाठ नवशिके सोडून देतात, आणि तिथेच पत्ता, जोडावरचे शिक्के, नंतरच्या कारकुनाचा शेरा असतो. फाइलला कागदाचाच क्रमांक द्या. तीन प्रती ठेवा: दोन मंडळात वेगवेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेरच्या कोणाकडे तरी.

आणि मूळ कागद? शक्य असेल तर तो घरातच राहू द्या. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण याला इतिहास आहे. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने दक्षिणेतल्या इनामांची चौकशी केली, कित्येकांच्या जमिनी गेल्या. त्या धसक्याने पुढच्या दोन पिढ्यांनी कागद दाखवायचंच सोडलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरं पाहू लागले तेव्हा त्यांच्यापुढची मोठी अडचण हीच होती, लोकांचा विश्वास. तरी त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे २२ खंड काढले. ते खंड आज आपल्या हाताशी आहेत, त्यांतल्या कित्येक मूळ कागदांचा मात्र पत्ता नाही. नक्कल केली, वाचली, छापली, म्हणून मजकूर जगला. छोट्या मंडळाने हाच धडा घ्यायचा. मालकी घरची, नक्कल मंडळाची, आणि दोघांच्या सह्यांचं एक पानाचं पत्र: किती कागद पाहिले, काय छापायची परवानगी आहे, काय छापायचं नाही. घर सांभाळू शकत नसेल, वाडा पडायला आला असेल, मुलं परदेशी असतील, तरच मूळ कागद दानपत्र करून घ्या.

'काय छापायचं नाही' ही ओळ वरवरची समजू नका. दफ्तरात दत्तकाचे वाद असतात, गहाणखतं असतात, बहिष्काराचे कागद असतात, आजही कोर्टात चालू असलेल्या जमिनी असतात. त्यात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. लोक आता जुन्या कागदाकडे दाखल्याचा पुरावा म्हणून पाहतात. एका अर्थी चांगलं झालं, माळ्यावरचे कागद खाली आले. पण मंडळाकडे रोज कोणीतरी येऊन 'आमच्या आडनावाचं काही सापडतं का' विचारणार. तुमचं धोरण पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा: कागद जसा आहे तसा दाखवू, नक्कल देऊ, निवाडा देणार नाही. सगळ्यांना एकच नियम.

मोडी वाचायची काळजी फार करू नका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, पुण्यात आणि कोल्हापुरात त्याचे दफ्तरखाने आहेत. तुमच्यापैकी दोघांनी वर्ग करा. अक्षरं ओळखायला लवकर येतात, वळण अंगात मुरायला वेळ लागतो, आणि खरी अडचण अक्षरांची नसतेच, ती कालगणनेची असते. पत्रात 'इसन्ने खमसैन मया व अलफ' असं दिसेल. हे अरबी आकडे उलटे वाचायचे: दोन, पन्नास, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन (त्या काळच्या कागदांतली एक कालगणना) ११५२. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून सुरू होणारं १७५१-५२ हे वर्ष येतं. शके असेल तर ७८ मिळवा. 'छ' नंतर आकडा आला तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. एवढं जमलं तरी पत्रांना क्रम लागतो, आणि क्रम लागला की ती बोलू लागतात.

आता घाटावरचे वीरगळ. दगड कोणाच्या जागेत आहेत ते आधी पाहा: नगरपरिषद, देवस्थान, की खासगी. पुराच्या पाण्याने वाहून जाण्याची किंवा रस्त्याच्या कामात बुलडोझरखाली जाण्याची भीती नसेल तर हलवू नका. वीरगळ बहुधा गावाच्या वेशीवर, मंदिराजवळ किंवा जिथे वीर पडला त्या परिसरात उभा केलेला असतो. जागेचा अक्षांश-रेखांश, दिशा, उंची-रुंदी, आणि प्रत्येक कप्प्याचं वर्णन लिहा. खालच्या कप्प्यात लढाई, वर अप्सरा वीराला नेताना, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. खालच्या कप्प्यात गाई कोरलेल्या दिसल्या तर तो गोधन वाचवताना पडलेला माणूस. शेजारी कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढवाची आकृती आणि वर लेख असेल तर गधेगाळ, त्याकडे विशेष लक्ष द्या, कारण तो दानाचा कायदेशीर दस्तऐवज असतो आणि त्यावर शके असू शकतो. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा शिलालेख, जो अनेक अभ्यासक मराठीतला सर्वात जुना मानतात, तो असाच गधेगाळ आहे. असा महत्त्वाचा दगडही कित्येक वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर होता.

लेख वाचायला त्यावर खडू, पीठ, तेल काही चोळू नका. रात्री जा, टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा, आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. पुसट अक्षरं सावलीने उठून दिसतात. ओल्या कागदाचा ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. आणि कृपा करून गावातल्या तरुण मंडळांना सांगा, की वीरगळाला ऑइल पेंट देऊ नका. शेंदूर लावून पूजा होत असेल तर मात्र भांडू नका. ती पूजा आहे म्हणूनच तो दगड आजवर जागेवर राहिला. पूजा करणाऱ्या घरातल्या आजींना विचारा, हा कोण आहे. त्या जे नाव सांगतील ते इतिहासाच्या दृष्टीने बरोबर असो वा नसो, तेही नोंदवहीत लिहा.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित वा कागद पंचाहत्तर वर्षांनीच. दगडी-धातूच्या मूर्ती अशा ठरावीक वर्गांची मालकाने सरकारी नोंदणी करायची असते, परदेशी पाठवता येत नाहीत. खोदकामात नाणी किंवा मूर्ती सापडली तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ती मंडळाने ठेवून घ्यायची नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगीने, हे २०१० च्या दुरुस्तीपासून आहे. मंडळाने हे पोलिसासारखं वापरू नये. पण गावात कोणाला माहीत नसतं, तेव्हा तुम्हाला माहीत असावं.

वाड्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पोती ज्या वाड्यातून येताहेत तोच उद्या विकला जाईल, म्हणून सांगतो. वाटण्या झाल्या, बिल्डर आला, की सागवानी खांब, गणेशपट्टी, कडीपाट, सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं. मंडळाला वाडा वाचवता येतोच असं नाही, आणि ज्यांना त्यात राहायचं आहे त्यांच्यावर आपला जिव्हाळा लादणंही योग्य नाही. पण मोजमाप घेता येतं. टेप घेऊन दोन माणसं बसली तर प्रत्येक चौकाचा आराखडा निघतो. दरवाजे, जिने, भुयार, आड, देवघर, कोनाडे, भिंतीवरची चित्रं, न्हाणीघराची पन्हाळ, प्रत्येकाचा फोटो आणि घरातल्या सर्वात वयस्क बाईंकडून प्रत्येक खोलीचं नाव आणि वापर. बाळंतिणीची खोली कोणती, धान्याची बळदं कुठे, गडीमाणसं कुठून यायची. हे पुरुषांना सहसा माहीत नसतं.

आणि दुरुस्ती करायची वेळ आली तर सिमेंट टाळा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा बसवला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून कुजते. चुन्याची घाणी, गूळ, बेलफळाचं पाणी घालून गिलावा करणारे गवंडी अजून आहेत. ते शोधून त्यांचं काम व्हिडिओवर घेणं हेही मंडळाचंच काम.

आता ज्या गोष्टीची मला सर्वात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. छोट्या गावांची मंडळं नकळत एका आळीची होतात. सरदारांचा वाडा, देवस्थान, घाट, एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचा पुतळा, संपलं. बाकी गाव कुठे गेलं? तुमच्या पोत्यांत कदाचित महजर निघेल, गावसभेचा निवाडा. त्याखाली सह्या नसतात, निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर सगळं गाव हजर आहे. तुमच्या मंडळाच्या कामातही ते हजर असलं पाहिजे. महारवतनाचे कागद, मोमीन आळीतल्या मागांच्या आठवणी, कुंभारवाड्यातल्या भट्टीची जागा, गावकुसाबाहेरच्या विहिरीचा वाद. बाबासाहेबांची तालुक्यात सभा झाली असेल तर ती ऐकलेल्यांच्या मुलांच्या आठवणी. तुमच्या सहा-सात जणांत वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं नसतील, बाया नसतील, तर नोंदणी करण्याआधी ती घ्या. नंतर 'सदस्य करून घेऊ' म्हटलेलं राहून जातं.

ज्यांच्या घरी कागद नाही त्यांच्याकडे आवाज आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात शेती, सासर, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं आहे, आणि कोणत्याही दफ्तरात ते नाही. तुमच्या गावात जातं फिरवलेल्या बाया अजून असतील तर मोडीच्या आधी त्यांच्याकडे जा. माळा गळत नसेल तर कागद आणखी दोन महिने थांबेल. आवाज मोबाइलवर घ्या, सुरुवातीला नाव, वय, माहेर-सासर, तारीख बोलून घ्या, आणि परवानगीही आवाजातच घ्या. मध्ये मध्ये दुरुस्त करत बसू नका. साल चुकलं तरी चालेल, साल कागदावरून काढता येतं.

याशिवाय दोन-तीन साठे लोकांच्या ध्यानात येत नाहीत. हेळवी दर काही वर्षांनी घराघरांत येऊन वंशावळ वाचून दाखवतात. ते आले की त्यांच्याशी बोला, त्यांची वही मागू नका, त्यांचा मान ठेवा. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत तुमच्या गावातल्या घरांच्या पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, नगरपरिषदेची जुनी ठरावबुकं, सिटी सर्व्हेचे पहिले नकाशे, कोतवाल बुक. ठरावबुकांत पहिला नळ कधी आला, प्लेगच्या वेळी गाव माळावर कधी गेलं, दिव्याच्या खांबांवरून काय भांडण झालं, हे सगळं तारखेनिशी असतं. नगरपरिषदेकडे खोली मागण्यापेक्षा त्या ठरावबुकांचे फोटो काढायची लेखी परवानगी मागा. ती त्यांना सहज देता येते आणि तुम्हाला खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

इथवर जे सांगितलं त्याचा क्रम असा: आधी आवाज आणि जागेवरच्या नोंदी, मग कागदांचे फोटो, मग वाचन, आणि मूळ वस्तू आपल्याकडे घेणं शेवटी. या सगळ्याच्या मुळाशी एक दाखल नोंदवही. ग्रंथालयात असते तशी, पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली. तारीख, दाखल क्रमांक, काय आहे, कोणाकडून, कशी मिळाली, कुठे ठेवली, अट काय. खाडाखोड न करता, चूक झाली तर एक रेघ आणि सही. संगणकात यादी ठेवाच, पण हीही ठेवा.

नोंदणीबद्दल. सात जण लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. घटनेचा मसुदा कुठूनतरी उतरवून घेऊ नका. दोन कलमं स्वतः लिहा: मंडळ बंद पडलं तर संग्रह कोणत्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल, आणि कोणताही पदाधिकारी संग्रहातली वस्तू घरी नेणार नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्या. तो दोन-तीनदा राहिला की कायदेशीर विश्वस्त कोण हेच ठरत नाही, बँक खातं अडकतं, आणि चांगली मंडळं कुलूपबंद होतात. मी हे आजूबाजूच्या तालुक्यांत वारंवार पाहिलं आहे.

एका माणसाच्या ध्यासावर किती उभं राहू शकतं हे मराठवाड्यात दिसतं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी सातवाहनकालीन वस्तू जमवल्या, पैठणला बाळासाहेब पाटील यांनी. दोन्ही संग्रह आज शासकीय संग्रहालयं आहेत, त्या दोघांच्या नावाने. मागे कोणीतरी संस्था उभी राहिली, म्हणून ते गावातच राहिले. राजवाडे १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ काढतात, आणि १९२६ मध्ये धुळ्याला वारल्यावर त्यांचे कागद सांभाळायला तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघतं. एवढ्या मोठ्या माणसालाही मागे संस्था लागली.

तुमच्या गावात शंभरी ओलांडलेलं नगर वाचनालय असेल तर स्वतंत्र इमारतीचा हट्ट धरण्याआधी तिकडे जा. वाचनालयाला ग्रंथपाल असतो, कपाटं असतात, सरकारी अनुदान असतं, आणि गावाचा त्यावर विश्वास असतो. नाशिकचं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय संग्रहालयही चालवतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, त्यानेही कोकणातल्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. २००५ आणि २०२१ च्या पुरांनी चिपळूणची काय अवस्था केली ते सगळ्यांनी पाहिलं, आणि तरी ते वाचनालय पुन्हा उभं राहिलं. कृष्णाकाठच्या माणसाला यातून घ्यायचं ते एवढंच: दवाखान्याची खोली तळमजल्याला आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणेखाली असेल, तर ती कितीही फुकट मिळाली तरी कागदांसाठी घेऊ नका. बैठकांना घ्या.

लोकांना दिसायला हवं, हा जाणत्यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्यासाठी संग्रहालय लागत नाही. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, गावात फेरी काढा. शाळेतल्या मुलांकडून आळ्या, बोळ, आड, बारवा, शेतांची जुनी नावं यांचा नकाशा करून घ्या. दिवाळीत एखाद्या वाड्याच्या पडवीत कागदांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवा, मूळ कागद नको, मोठे छापील फोटो आणि खाली देवनागरीत वाचन. आपल्या आडनावाचा माणूस १७६० च्या पत्रात दिसला की लोक तासभर उभे राहतात, आणि जाताना सांगतात, 'आमच्याकडंबी एक पेटी हाय.' पुढचं काम तिथून मिळतं.

पैशाचं म्हणाल, तर पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे नोंदणी, दोन जाड वह्या, तीन हार्ड डिस्क, पेट्या, कापड, मोबाइल स्टँड आणि एसटीचं भाडं. गावातल्या एका गणेश मंडळाच्या रोषणाईहून तो कमी आहे. सभासद वर्गणीत भागवा. मोठी देणगी पहिल्या वर्षी घेऊ नका, देणगीदाराला पाटी हवी असते आणि पाटीला इमारत हवी असते. एखादी वस्तू विकत घेण्यासाठी पैसे देण्याची सवय तर लावूच नका. एकदा गावात कळलं की मंडळ पैसे देतं, की देवळांच्या भिंतीतले दगड निघायला लागतात.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा दोन गोष्टी कळवा. खोलीचा मजला आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं. आणि तिन्ही वीरगळांचे रात्री, बाजूने उजेड टाकून काढलेले फोटो, त्यात पायथ्याचा मातीत गेलेला भागही दिसू द्या, पण माती उकरू नका. त्यातल्या एकावर लेख असेल तर वाचायला मी आणि माझे सहकारी मदत करू.